छोट्या कॅलिबरची रिमफायर रायफल निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्यापैकी अनेकांनी आयुष्यातली पहिली गोळी एनसीसीच्या शिबिरात, सतरंजीवर पालथे पडून, पंचवीस यार्डांवरच्या कागदावर झाडलेली असते, आणि ती गोळी ०.२२ चीच (म्हणजे ०.२२ इंच जाडीची) असते. पुढे नोकरीनिमित्त अमेरिकेत आलेल्या, विशेषतः आयडाहो, ओरेगन, मोंटाना अशा मोकळ्या प्रदेशांत स्थिरावलेल्या मराठी मंडळींना तीच ओढ पुन्हा लागते. कुणाला रेंजवर नेमबाजी करायची असते, तर कुणाला एखादा शेतकरी मित्र वसंत ऋतूत बोलावतो की शेतात खारींनी उच्छाद मांडला आहे, मदतीला या. मी बॉयसीमध्ये राहतो आणि ही दोन्ही कामे बरीच वर्षे करत आलो आहे. मला ज्या गोष्टी पुन्हा पुन्हा विचारल्या जातात, त्यांची उत्तरे येथे एकत्र लिहीत आहे.

रिमफायर म्हणजे नेमके काय?

झाडून झालेली ०.२२ ची पुंगळी हातात घेऊन तिचे बूड पाहा. कडेला एक छोटी, चौकोनी खाच पडलेली दिसेल. पुंगळीच्या बुडाची दुमडलेली कडा आतून पोकळ असते आणि ठिणगी पाडणारे रसायन त्या पोकळीत भरलेले असते. फायरिंग पिन ती कडा चेचते, रसायन पेटते आणि त्याने दारू पेटते. मोठ्या रायफलींच्या काडतुसात हे रसायन बुडाच्या मध्यभागी वेगळ्या टोपीत असते. ती टोपी बदलून पुंगळी पुन्हा भरता येते, रिमफायरची पुंगळी मात्र एकदाच वापरता येते.

यातून निवडीला उपयोगी पडणाऱ्या दोन गोष्टी निघतात. पिनेला कडा चेचता यावी म्हणून पितळ पातळ ठेवावे लागते, पातळ पितळ फार दाब सोसत नाही, आणि म्हणून ही काडतुसे लहान व बेताच्या ताकदीचीच राहतात. दुसरे म्हणजे, पुंगळी घरी भरता येत नसल्यामुळे आपण कारखान्यातून आलेल्या काडतुसावर पूर्णपणे अवलंबून असतो. ते जितके एकसारखे असेल तितकाच आपला नेम एकसारखा राहतो. १८४५ च्या सुमारास फ्रान्समध्ये फ्लोबेर याने अशा काडतुसाची सुरुवात केली आणि १८८७ साली ०.२२ लाँग रायफल बाजारात आले. आज रेंजवर आणि शेतात सर्वाधिक वापरले जाते ते हेच काडतूस.

रायफलींची नावे पाहून डोके गरगरते. सुरुवात कुठून करावी?

सुरुवात अंतरापासून करावी. आधी अंतर ठरवावे, मग काडतूस, आणि रायफल सर्वांत शेवटी. बहुतेक जण नेमके उलट करतात: दुकानात एखादी रायफल मनात भरते, ती घेतली जाते, आणि शेतात पोहोचल्यावर कळते की खारी सव्वाशे यार्डांवर बसल्या आहेत आणि आपली गोळी तिथवर भरवशाने पोहोचत नाही.

अंतर ठरवताना स्वतःशी प्रामाणिक राहावे. बिळाच्या तोंडाशी उभी असलेली खार म्हणजे जेमतेम हाताच्या पंजाएवढा जीव. ती जागच्या जागी मरावी, जखमी होऊन बिळात शिरू नये, यासाठी गोळी साधारण चार-पाच सेंटिमीटरच्या वर्तुळात बसायला हवी. ज्या अंतरावर आपण शेतातल्या बैठकीतून, वारा असताना, दहापैकी दहा गोळ्या तेवढ्या वर्तुळात बसवतो, ते आपले अंतर. रेंजच्या टेबलावर वाळूच्या पिशवीवर रायफल ठेवून साधलेले अंतर याहून नेहमीच जास्त असते आणि ते शेतात धरून चालत नाही.

शेतातले उपद्रवी प्राणी म्हणजे कोणते? त्यांना मारणे खरोखर आवश्यक असते का?

पूर्व ओरेगनमध्ये बर्न्स गावाच्या आसपास लसूणघासाची आणि गवताची विस्तीर्ण कुरणे आहेत. तिथे बेल्डिंग जातीची, जमिनीत बिळे करून वसाहतीने राहणारी खार असते. तिथले लोक तिला सेज रॅट म्हणतात. वर्षाचा मोठा भाग ही खार जमिनीखाली झोपून काढते. हिवाळा ओसरताना बाहेर येते, त्यानंतर पिल्ले होतात, आणि भर उन्हाळ्यातच ती पुन्हा बिळात शिरू लागते. मधल्या थोड्या महिन्यांत वर्षभराची चरबी साठवायची असल्याने ती कोवळी लसूणघास अक्षरशः मुळापर्यंत कातरते. बिळांच्या कडेच्या मातीच्या ढिगांवर कापणीयंत्राची पाती आदळतात. शेतकऱ्याचे नुकसान खरे असते आणि म्हणूनच तो आपल्याला बोलावतो.

मात्र प्रत्येक खार उपद्रवी नसते. नॉर्दर्न आयडाहो ग्राउंड स्क्विरल ही खार २००० सालापासून संघराज्याच्या कायद्याखाली धोक्यात आलेली जात म्हणून संरक्षित आहे, आणि युटा प्रेअरी डॉगलाही तसेच संरक्षण आहे. दुरून दिसायला त्या आपल्या नात्यातल्या खारींसारख्याच असतात. ज्या भागात जाणार तिथे कोणती जात राहते हे राज्याच्या वन्यजीव विभागाकडून आधी समजून घ्यावे, आणि ओळखीबद्दल जरासुद्धा शंका असेल तर चापाकडे बोट नेऊ नये.

हे सगळे महाराष्ट्रात करता येईल का?

शिकार करता येणार नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार भारतात हौसेखातर शिकार करण्यास बंदी आहे. रानडुक्कर किंवा नीलगाय यांचा पिकांना त्रास झाला तरी त्यावरचा निर्णय सरकारी अधिकाऱ्याच्या आदेशानेच होतो. कुणी आपल्या मनाने बंदूक उचलू शकत नाही. म्हणून या लेखात खारींविषयी जे लिहिले आहे ते अमेरिकेपुरतेच समजावे.

नेमबाजीची गोष्ट वेगळी. पुण्यात बालेवाडी-म्हाळुंगे येथे आणि मुंबईत वरळी येथे रेंज आहेत, आणि ०.२२ च्या पन्नास मीटर प्रकारात आपल्या माणसांनी जगात नाव काढले आहे. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिक येथे पन्नास मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेती ठरली, आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्याच कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे याने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशन्स प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले. दोघांच्याही रायफलीत ०.२२ लाँग रायफलचेच काडतूस होते. भारतात या रायफलीसाठी शस्त्र अधिनियम, १९५९ खालील परवाना लागतो, त्यामुळे बहुतेक नेमबाज सुरुवात दहा मीटरच्या एअर रायफलने, क्लबच्या देखरेखीखाली करतात. ती सुरुवात उत्तमच आहे.

मी एच-१बी व्हिसावर आहे. अमेरिकेत रायफल घेऊ शकतो का?

या प्रश्नाच्या उत्तराकडे दुर्लक्ष केले तर व्हिसाच नव्हे, पुढचे सगळे आयुष्य अडचणीत येऊ शकते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. अमेरिकेच्या संघराज्य कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतुसे जवळ बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. जवळ बाळगणे याचा अर्थ केवळ विकत घेणे एवढाच नाही. मित्राची रायफल रेंजवर दहा मिनिटे हातात घेऊन झाडणे हेही त्यात येते, आणि पुष्कळ जण अजाणतेपणी नेमके इथेच चुकतात. या मनाईला काही अपवाद आहेत. आपल्या उपयोगाचा अपवाद असा की अमेरिकेतील एखाद्या राज्याने कायदेशीरपणे दिलेला, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना त्या व्यक्तीकडे असावा. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपतो.

ग्रीनकार्डधारकांना ही मनाई लागू नाही. दुकानातून घेताना ४४७३ क्रमांकाचा अर्ज भरावा लागतो, त्यावरून पार्श्वभूमीची तपासणी होते, आणि रायफलीसाठी वयाची अठरा वर्षे पूर्ण असावी लागतात. अर्जातला प्रत्येक प्रश्न शब्दशः वाचावा; नागरिकत्व आणि व्हिसाविषयीच्या रकान्यात घाईने केलेली खूणही खोटे विधान ठरू शकते. राज्यांचे नियम याशिवाय वेगळे असतात. माझा आग्रह असा की व्हिसावर असलेल्या प्रत्येकाने रायफलीला हात लावण्याआधी, रेंजवरसुद्धा, जाणकार वकिलाशी एकदा बोलून घ्यावे.

०.२२ लाँग रायफल, ०.२२ मॅग्नम आणि ०.१७ एचएमआर यांत कोणते काडतूस घ्यावे?

०.२२ लाँग रायफलची नेहमीची गोळी ४० ग्रेनची, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅम वजनाची असते. नेमबाजीसाठीची काडतुसे तिला सेकंदाला सुमारे १,०५० ते १,०८० फूट वेग देतात, तर शिकारीची वेगवान काडतुसे १,२५० फुटांच्या आसपास. वेगवान काडतुसावर पन्नास यार्डांचा नेम बांधला तर शंभर यार्डांवर गोळी साधारण १५ सेंटिमीटर खाली जाते. म्हणजे अंतर मोजण्यात थोडी चूक झाली तरी खारीच्या डोक्यावरून किंवा पायाखालून गोळी जाणार. म्हणून खारींसाठी या काडतुसाची मर्यादा मी पंचाहत्तर यार्डांच्या आसपास मानतो. कागदावर किंवा लोखंडी पाटीवर नेमबाजीसाठी मात्र तिला अशी मर्यादा नाही. तिथे चुकलेल्या गोळीची किंमत फक्त एक गुण असते.

०.२२ मॅग्नम १९५९ साली आले. तितक्याच वजनाची गोळी ते सेकंदाला १,९०० फुटांच्या जवळपास नेते, आणि मार्मट (खारीच्याच कुळातला मोठा प्राणी) किंवा कोल्ह्याएवढ्या थोड्या मोठ्या प्राण्यासाठी तिन्हींत तेच योग्य. पण काडतूस महाग आहे आणि नेमाच्या बारकाव्यात ते बहुधा बाकीच्या दोघांच्या मागे राहते.

०.१७ एचएमआर हे मॅग्नमचीच पुंगळी तोंडाशी आवळून तयार केले गेले आणि २००२ साली बाजारात आले. त्याची गोळी केवळ १७ ग्रेनची, जेमतेम १.१ ग्रॅमची, पण वेग सेकंदाला २,५५० फूट. शंभर यार्डांवर नेम बांधला की शंभरपर्यंत गोळी जवळजवळ सरळ रेषेतच जाते, आणि दीडशे यार्डांवर सात-आठ सेंटिमीटर उतरते. प्लॅस्टिकच्या टोकाची ती पातळ गोळी लागताक्षणी फुटते, त्यामुळे लसूणघासाच्या शेतात सव्वाशे-दीडशे यार्डांवरच्या खारीसाठी याहून चांगले रिमफायर काडतूस मला माहीत नाही. खर्च मात्र लाँग रायफलच्या कितीतरी पट येतो, आणि एका सकाळी शे-दोनशे काडतुसे सहज संपतात.

एकच रायफल घ्यायची असेल आणि नेमबाजी व शेत दोन्ही साधायचे असेल तर माझे मत ०.२२ लाँग रायफलच्या बाजूने आहे. काडतूस स्वस्त म्हणजे सराव जास्त, आणि सरावाची कमतरता दुसरे कोणतेही काडतूस भरून काढत नाही. एक इशारा द्यायलाच हवा: लाँग रायफलचे काडतूस मॅग्नमच्या रायफलीत बसते, पण ते कधीही झाडू नये. मॅग्नमची पुंगळी जाड असते, त्या मोठ्या घरात बारीक पुंगळी फुगते, फाटते आणि तप्त वायू मागे येऊ शकतो.

वेगवान काडतूस वाऱ्यात कमी ढळते ना?

तर्काने तसे वाटते, पण ०.२२ लाँग रायफलच्या बाबतीत उलट घडते, आणि हे एकदा समजले की वाऱ्यातल्या कितीतरी चुका आपोआप कमी होतात. ताशी दहा मैलांचा आडवा वारा असेल तर शंभर यार्डांवर वेगवान काडतुसाची गोळी सुमारे १४ सेंटिमीटर सरकते, तर नेमबाजीसाठीच्या मंद काडतुसाची सुमारे १० सेंटिमीटर. कारण असे की गोळी किती ढळेल हे तिला पोहोचायला लागलेल्या एकूण वेळेवर नव्हे, तर हवेच्या अडथळ्यामुळे तिला झालेल्या उशिरावर अवलंबून असते. ध्वनीचा वेग साधारण तापमानात सेकंदाला १,१२५ फुटांच्या आसपास असतो. त्याच्या वर निघालेली गोळी ध्वनीचा वेग ओलांडून खाली येताना हवेशी सर्वाधिक झगडते, आणि त्या झगड्यात तिचा उशीर वाढतो. मंद गोळी त्या पट्ट्यात शिरतच नाही.

बर्न्सच्या कुरणांवर सकाळी दहाच्या सुमारास वारा सुटतो. गवताची पाती वाकू लागली, की मी ०.२२ वर पन्नास यार्डांपलीकडे गोळी झाडत नाही. ०.१७ एचएमआरची गोळी हलकी असल्याने तिलाही वारा सोडत नाही. शंभर यार्डांवर ती दहा सेंटिमीटरच्या आसपास सरकते, म्हणजे खारीच्या रुंदीहून जास्त. पहाट ते साडेनऊ हीच कामाची वेळ.

बोल्टची रायफल घ्यावी की अर्धस्वयंचलित?

नेमबाजीसाठी आणि शिकण्यासाठी बोल्टची. प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट मागे-पुढे करावा लागला की श्वास, चाप आणि नेम यांचा विचार पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो. शिवाय मंद काडतुसे सर्व अर्धस्वयंचलित रायफलींची यंत्रणा फिरवू शकत नाहीत, आणि आपल्याला हवी असतात ती नेमकी तीच काडतुसे. १९६४ पासून बनत असलेली रुगर १०/२२ ही अर्धस्वयंचलित रायफल दणकट आहे आणि तिला सुटे भागही भरपूर मिळतात; वसाहतीत जवळच्या खारी भराभर निघत असतील तिथे ती उपयोगी पडते. ०.१७ एचएमआरमध्ये मात्र मी बोल्टच घ्या असे ठामपणे सांगतो, कारण त्या काडतुसाचा दाब जास्त असतो आणि पूर्ण बंद न झालेल्या यंत्रणेत पुंगळी फुटण्याचा धोका बोल्टमध्ये फार कमी असतो.

नळी, चाप आणि दस्ता यांत काय पाहावे?

यांपैकी एकाच गोष्टीवर पैसा खर्च करता येणार असेल तर तो चापावर करावा. जड, खरखरीत चाप ओढताना अख्खी रायफल हलते, आणि मग उत्तम नळीचाही उपयोग राहत नाही. दुकानात परवानगी घेऊन, रायफल रिकामी असल्याची खात्री करून, चाप हळूहळू दाबून पाहावा. तो काच मोडावी तसा एकाएकी सुटावा; वाटेत अडखळणे, घसटणे जाणवू नये. काही रायफलींत चापाचा ताण स्क्रूने कमी-जास्त करता येतो. शेतात हातमोजे घालून वापरायची असेल तर तो फार हलका करू नये.

जाड नळी लवकर तापत नाही आणि टेबलावरून स्थिर राहते, पण दिवसभर खांद्यावर वाहताना तिचे वजन जाणवते. पन्नास मीटरच्या स्पर्धेतील रायफली आठ किलोपर्यंत जड असू शकतात. असे वजन घेऊन शेताच्या बांधावर कोणी चालत नाही. गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचांचा ०.२२ च्या नळीत साधारण सोळा इंचांत एक वेढा असतो, ०.१७ च्या नळीत नऊ इंचांत. हे कारखाना ठरवतो, आपण त्यात डोके घालायची गरज नाही.

दस्त्याची लांबी मात्र आपणच तपासावी. अमेरिकी रायफलींचे दस्ते बहुधा उंच, रुंद खांद्याच्या माणसाच्या मापाचे असतात. बायकोसाठी किंवा मुलीसाठी रायफल घेताना हे हमखास विसरले जाते. दस्ता लांब असला की मान पुढे ताणावी लागते, गाल दस्त्यावर टेकत नाही आणि डोळा दुर्बिणीच्या मधोमध येत नाही. लांबी कमी-जास्त करता येणारा किंवा मुळातच आखूड दस्ता मिळतो, तोच घ्यावा.

मग नेमकी कोणती रायफल?

चेक प्रजासत्ताकातील सीझेड ४५७ ही माझी पहिली शिफारस, कारण तिची नळी बदलून त्याच रायफलीत लाँग रायफल, मॅग्नम आणि ०.१७ एचएमआर अशी तिन्ही काडतुसे वापरता येतात. फिनलंडची टिक्का टी१एक्स तिच्या तोडीची आहे आणि बोल्ट तिचा अधिक गुळगुळीत चालतो. हात राखून खर्च करायचा असेल तर सॅव्हेज मार्क २ घ्यावी. तिचा लाकडी किंवा प्लॅस्टिकचा दस्ता साधा असतो, पण चाप जुळवता येतो आणि नेम किमतीच्या मानाने फार चांगला असतो. पन्नास मीटरच्या स्पर्धेत गंभीरपणे उतरायचे असेल तेव्हा जर्मनीतील उल्मच्या आन्शुट्झचा विचार करावा, पण पहिली रायफल म्हणून नव्हे.

दुर्बीण कशी निवडावी?

मोठ्या रायफलीची जुनी दुर्बीण ०.२२ वर बसवू नये, असे मी सगळ्यांना सांगतो. अशा दुर्बिणी बहुधा शंभर यार्डांसाठी जुळवलेल्या असतात. पंचवीस यार्डांवर त्यातून पाहताना डोळा किंचित बाजूला सरकवून पाहा: रायफल जागची हललेली नसते, तरी अधिक चिन्ह लक्ष्यावर सरकताना दिसते. याला पॅरॅलॅक्स म्हणतात. रिमफायरसाठीच्या दुर्बिणी पन्नास-साठ यार्डांवर जुळवलेल्या असतात, किंवा बाजूच्या चकतीने दहा-पंधरा यार्डांपासून जुळवता येतात. दोन्ही कामांसाठी ही दुसरी चांगली. चार ते बारा पट मोठे दाखवणारी दुर्बीण शेतात पुरते. त्याहून मोठी घेतली तर गवताच्या वर तरंगणारी ऊनझळच मोठी दिसते.

काडतुसे महाग घ्यावीत की स्वस्त?

आपल्या रायफलीला आवडतील ती घ्यावीत, आणि ते कागदावर झाडल्याशिवाय कळत नाही. प्रत्येक नळीचे आतले माप केसभर वेगळे असते. पाच-सहा प्रकारची काडतुसे प्रत्येकी एक पेटी आणावीत, वारा नसलेल्या सकाळी पन्नास यार्डांवर प्रत्येकाचे पाच गोळ्यांचे किमान चार गट (एकाच खुणेवर झाडलेल्या गोळ्यांच्या भोकांचे पुंजके) पाडावेत. प्रकार बदलला की पहिल्या दहा-पंधरा गोळ्या मोजू नयेत, कारण गोळीवरचे मेण नळीत बसायला तेवढा अवधी लागतो.

माझ्या सीझेडची परीक्षा मी एका थंड सकाळी घेतली. गोठलेल्या बोटांनी कागदावर पेन्सिलीने खुणा करत गेलो. मोठ्या डब्यात मिळणाऱ्या स्वस्त काडतुसांनी चार सेंटिमीटरचा विखुरलेला गट दिला, त्यात एक गोळी एकटीच खाली गेलेली. जर्मनीत बनणाऱ्या एसके स्टँडर्ड प्लस काडतुसांनी पाचही गोळ्या एकाच फाटक्या भोकात घातल्या, जे माझ्या अंगठ्याच्या नखाखाली झाकले गेले. त्याहून दुप्पट किमतीच्या काडतुसांचा गट मात्र त्यापेक्षा मोठा आला. पेटीवर छापलेला लॉट क्रमांकही टिपून ठेवावा. एकाच नावाच्या दोन लॉटमध्ये फरक पडतो, म्हणून मोठे नेमबाज आवडलेल्या लॉटची काडतुसे वर्षभराची एकदम घेतात. पन्नास मीटरच्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटरचे असते आणि गोळीच ५.६ मिलिमीटरची, हे लक्षात घेतले की त्यांचा आग्रह समजतो.

शेतासाठी पोकळ टोकाची गोळी वापरावी. सबंध शिशाची गोल टोकाची गोळी लहान प्राण्याच्या आरपार जाते आणि तो तडफडत राहतो.

शिसे नसलेली काडतुसे वापरणे आवश्यक आहे का?

कॅलिफोर्नियात जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिसेविरहित गोळ्याच कायद्याने सक्तीच्या आहेत. इतर राज्यांत सक्ती नसली तरी मी शेतात त्याच वापरू लागलो, त्याचे कारण डोळ्यांनी पाहिले आहे. खारी मारून आम्ही शेताच्या कडेला थांबलो की दहा-पंधरा मिनिटांत ससाणे आणि गरुड उतरतात आणि मेलेल्या खारी उचलून नेतात. खारीच्या शरीरात फुटलेल्या गोळीचे बारीक कण त्या मांसाबरोबर पक्ष्यांच्या आणि घरट्यातल्या पिल्लांच्या पोटात जातात, आणि शिसे त्यांच्यासाठी विषच. दक्षिण आयडाहोत स्नेक नदीच्या काठावर शिकारी पक्ष्यांसाठी राखीव ठेवलेला मोठा प्रदेश आहे आणि तिथले पक्षी अशाच बिळांत राहणाऱ्या खारींवर जगतात. ०.२२ मध्ये तांब्याच्या २१ ग्रेनच्या गोळ्या मिळतात. त्यांचा गट शिशाच्या उत्तम गोळीइतका घट्ट येत नाही, म्हणून अंतर आणखी कमी ठेवावे. ०.१७ एचएमआरमध्ये शिसेविरहित गोळीचा नेमही चांगला लागतो.

आपल्या हातांचेही पाहावे. रेंजवरून आल्यावर हात आणि तोंड थंड पाण्याने, साबण लावून धुवावे, त्याआधी डबा उघडू नये, आणि ते कपडे घातलेले असताना लहान मुलाला उचलून घेऊ नये.

एवढी लहान गोळी, तिचा धोका तो कितीसा?

०.२२ च्या पेटीवर गोळी दीड मैलापर्यंत जाऊ शकते असा इशारा छापलेला असतो, आणि तो गांभीर्याने घ्यावा. त्याहूनही जास्त काळजीची गोष्ट म्हणजे मंद, शिशाची गोळी दगडावर, पाण्यावर किंवा गोठलेल्या जमिनीवर आपटून उसळते. एका मार्चमध्ये जमीन वरून सुटलेली आणि खालून कडक होती. खारीच्या पुढ्यात पडलेली माझी गोळी शिट्टी घालत वर निघून गेली, आणि ती कुठे पडली हे मला आजही माहीत नाही. त्या दिशेला मैलभर कुणी नव्हते हे नशीब. तेव्हापासून लक्ष्याच्या मागे मातीचा उतार किंवा बांध दिसल्याशिवाय मी झाडत नाही. सपाट कुरणात पिकअपच्या मागच्या हौद्यात बसून खालच्या दिशेने झाडणे हाही एक उपाय आहे, कारण गोळी जमिनीत तिरकी न जाता खोल शिरते.

चाप ओढला आणि गोळी सुटली नाही, तर नळी लक्ष्याकडेच धरून मनात साठपर्यंत मोजावे आणि मग बोल्ट उघडावा. रिमफायरमध्ये असे फसणारे काडतूस अधूनमधून येतेच. आवाज लहान वाटला तरी कानांवर संरक्षण आणि डोळ्यांवर चष्मा हवाच.

नळी किती वेळा साफ करावी?

लोक समजतात त्याहून कमी वेळा. ०.२२ ची मंद गोळी आणि तिच्यावरचे मेण नळीला घासून काढत नाहीत, उलट चुकीच्या सळईने घाईघाईत केलेल्या सफाईनेच जास्त नळ्या खराब होतात. गट विखुरू लागला की साफ करावी, सळई नेहमी बोल्टच्या बाजूने आत घालावी. रिकाम्या रायफलीचा चाप ओढून सराव करण्याआधी उत्पादकाची पुस्तिका पाहावी. काही रायफलींत पिन थेट नळीच्या कडेवर आपटते आणि तिथे खाच पाडते. त्यांच्यासाठी प्लॅस्टिकची खोटी काडतुसे मिळतात.

भारतात जाताना काही काळजी घ्यावी का?

रायफल परवान्याशिवाय भारतात नेता येत नाही, आणि अमेरिकेतून बाहेर नेण्याचे नियम त्याशिवाय वेगळे आहेत, हे बहुतेकांना ठाऊक असते. फसतात ते काडतुसांमुळे. ०.२२ चे काडतूस शेंगदाण्याएवढे जाड आणि बोटाच्या एका पेराएवढे लांब. जॅकेटच्या अस्तरात, बॅगेच्या साखळीच्या कप्प्यात, मुलाच्या दप्तरात ते सहज जाऊन बसते. तेच एक काडतूस मुंबईच्या विमानतळावर क्ष-किरण यंत्रात दिसले तर शस्त्र अधिनियमाखाली पोलिसांची कारवाई सुरू होते, आणि विसरून राहिले हे सिद्ध करण्यात सुट्टी संपते. म्हणून शेतावर किंवा रेंजवर नेण्याची बॅग वेगळीच ठेवावी आणि ती प्रवासाला कधीही वापरू नये. शेतात घातलेले जॅकेट घरी ठेवूनच निघावे, आणि निघण्याच्या आदल्या रात्री सामानातला प्रत्येक खिसा उलटा करून, हात घालून तपासावा.